बागेतली मरिया आणि दर्शनातली मरिया

दरवर्षी २२ जुलै रोजी मग्दालिया मरियेचा सण येतो. मिस्सेत तिचे नाव घेतले जाते, संत योहानच्या शुभवर्तमानातील बागेचा प्रसंग वाचला जातो, आणि मिस्सा आटोपून मंडळी बाहेर पडली की एक जुनाच प्रश्न कुजबुजत्या स्वरात विचारला जातो : "ही मरिया म्हणजे तीच ना, आधी वाईट चालीची होती ती?" विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात, प्रवचनांतून आणि चित्रांतून जे कानाडोळ्यांवर पडले, तेच तो बोलून दाखवीत असतो.

अलीकडच्या काळात याच मरियेविषयी दुसरा एक प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. २००३ साली डॅन ब्राऊन यांची 'द दा विंची कोड' ही कादंबरी आली. २००६ साली तिच्यावरील चित्रपट आला आणि मुंबईतील काही कॅथलिक संघटनांनी त्याचा निषेध केला. तेव्हापासून महाविद्यालयात शिकणारी आपली मुलेमुली विचारतात : "मरियेचे एक शुभवर्तमान होते आणि ते चर्चने दडपून टाकले, हे खरे का? नॉस्टिक लोक स्त्रियांचा मान राखीत होते आणि आपण त्यांनाच पाखंडी ठरविले, हे खरे का?"

पहिला प्रश्न आजीचा आहे, दुसरा नातीचा. वरवर पाहता या दोन प्रश्नांची तोंडे दोन दिशांना आहेत. एकीला मरिया पापिणी म्हणून ठाऊक आहे, दुसरीला ती गुप्त ज्ञानाची स्वामिनी म्हणून हवी आहे. परंतु दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी गेल्यास एकच गोष्ट हाती लागते, असे आम्हांस वाटते. ती गोष्ट म्हणजे देहाविषयीची घृणा, आणि त्या घृणेचा भार स्त्रीच्या माथी टाकण्याची सवय. नॉस्टिकांनी मरियेचा मान राखला तो तिचा देह वजा करून. आपल्यापैकी अनेकांनी तिचा देह ध्यानात ठेवला तो केवळ पापाचे पात्र म्हणून. शुभवर्तमानातील मरिया या दोघांहून निराळी आहे. तिचा शोध घेणे हाच या लेखाचा हेतू होय.

प्रथम 'नॉस्टिक' या शब्दाविषयी थोडे. 'ग्नोसिस' म्हणजे ग्रीक भाषेत ज्ञान. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया, रोम आदी नगरांत बॅसिलिडीस, व्हॅलेंटायनस यांच्यासारखे आचार्य होऊन गेले. त्यांच्या व तत्सम मंडळींच्या विविध मतांना मागाहून हे एक नाव मिळाले. हा काही एकसंध पंथ नव्हता, आणि इतक्या भिन्न मतांना एकाच नावाने ओळखावे काय, याविषयी आज अभ्यासकांतच वाद आहे. तरीही त्यांच्या पुष्कळशा ग्रंथांतून एक सूत्र वाहताना दिसते. हे दृश्य जग परमश्रेष्ठ देवाने निर्मिलेले नाही. ते एका कनिष्ठ, अज्ञानी निर्मात्याचे काम आहे. माणसातील प्रकाशाची ठिणगी देहाच्या तुरुंगात अडकून पडली आहे, आणि निवडक लोकांना लाभणाऱ्या गुप्त ज्ञानाने तिची सुटका होते. मराठी वाचकाला येथे आपल्याकडील ज्ञानमार्गाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या परंपरेचा इतिहास आणि विचार स्वतंत्र आहे. दोहोंची सरमिसळ केल्यास दोहोंवरही अन्याय होईल.

या मंडळींची ओळख आपल्याला शतकानुशतके त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतूनच होत होती. लियाँचे धर्माध्यक्ष संत आयरेनियस यांनी इ. स. १८० च्या सुमारास त्यांच्या खंडनार्थ पाच भागांचा ग्रंथ लिहिला, तो या माहितीचा मोठा आधार. पुढे १९४५ साली वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ कॉप्टिक भाषेतील १३ हस्तलिखित पोथ्या सापडल्या आणि नॉस्टिकांचे स्वतःचे बोल जगाने ऐकले. एलेन पेगल्स या अमेरिकन विदुषींनी १९७९ साली या पोथ्यांवर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. नॉस्टिक मंडळांत स्त्रियांना अधिक वाव होता आणि देवाविषयी बोलताना तेथे स्त्रीरूपाचा आधार घेतला जाई, हा विचार त्या पुस्तकामुळे सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

ज्याला 'मरियेचे शुभवर्तमान' म्हणतात तो ग्रंथ मात्र नाग हम्मादीच्या संग्रहातला नव्हे. पाचव्या शतकातील ती कॉप्टिक पोथी १८९६ साली कैरो येथे एका जर्मन विद्वानाने विकत घेतली व ती बर्लिनला गेली. १९१२ साली ती छापून होत आली असता छापखान्यात पाण्याचा नळ फुटला आणि सारे काम वाया गेले. नंतर दोन महायुद्धे झाली. अखेर १९५५ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा आधुनिक काळातील या विलंबाचे खापर व्हॅटिकनवर फोडता येत नाही. परंतु नातीला एवढेच सांगून गप्प बसविणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. प्राचीन ख्रिस्तसभेने असले ग्रंथ नाकारले, त्यांच्या नकला पुढे कोणी केल्या नाहीत, आणि त्यामुळे ते लोप पावले, हेही खरेच आहे. ते का नाकारले, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर ग्रंथ वाचूनच मिळेल.

पोथीची पहिली सहा आणि मधली चार पाने नाहीशी झाली आहेत. जे उरले आहे ते वाचनीय आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. तारणारा शिष्यांचा निरोप घेऊन निघून जातो. शिष्य रडू लागतात. ज्यांनी त्याला सोडले नाही ते आपल्याला कसे सोडतील, अशी भीती त्यांना ग्रासते. अशा वेळी मरिया उठते, सर्वांना धीर देते. पेत्र तिला विनवितो की, तारणाऱ्याने तुला जे सांगितले आणि आम्ही ऐकले नाही ते आम्हांला सांग. ती आपले दर्शन कथन करते. कथन संपताच आंद्रेया अविश्वास दाखवितो, आणि ज्या पेत्राने विनविले तोच आता म्हणू लागतो की, आम्हांला वगळून प्रभू एका स्त्रीशी गुप्तपणे बोलला असेल काय? मरियेच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. तेव्हा लेवी पेत्राला त्याच्या तापट स्वभावाची आठवण करून देतो आणि ज्या स्त्रीला प्रभूने योग्य मानले तिला नाकारणारे आपण कोण, अशा अर्थाचे सुनावतो.

हा प्रसंग वाचताना कोणा स्त्रीच्या मनात कळ उठणार नाही? घरात, सभेत, धर्मग्रामाच्या बैठकीत आधी सल्ला विचारला जातो आणि तो पसंत पडला नाही की 'बाईमाणसाचे काय ऐकायचे' म्हणून बाजूला सारला जातो, हा अनुभव केवळ दुसऱ्या शतकातला नाही. त्या वेदनेला या ग्रंथाने शब्द दिले, हे त्याचे श्रेय आम्ही मोकळेपणाने देतो.

परंतु समीक्षकाने येथेच थांबू नये. मरिया शिष्यांना सांगते तरी काय? प्रभूला तिने दर्शनात पाहिले. दर्शन कशाने दिसते, या तिच्या प्रश्नाला उत्तर मिळते की, ते मनाने दिसते. यापुढची पाने गहाळ आहेत. पोथी पुन्हा सुरू होते तेव्हा एक जीवात्मा वरवर चढतो आहे आणि वासना, अज्ञान, क्रोध अशा सत्ता त्याची वाट अडवीत आहेत. जीवात्मा वासनेला सांगतो की, तू माझे वस्त्र पाहिलेस, मला ओळखलेच नाहीस. देह म्हणजे ते वस्त्र. ग्रंथाच्या पूर्वभागात तारणाऱ्यानेही शिकविलेले असते की, सारे जडतत्त्व अखेर आपल्या मुळात विरून जाणार. उपलब्ध पानांत कबर उघडलेली नाही, जखमांच्या खुणा नाहीत, सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे निघालेली पावले नाहीत. मरियेला अधिकार मिळतो, पण तो देह मागे टाकणाऱ्या ज्ञानाच्या बळावर मिळतो.

ही अट दुसऱ्या एका ग्रंथात उघडपणे मांडली आहे. नाग हम्मादीच्या संग्रहातील 'थॉमसच्या शुभवर्तमाना'त ११४ वचने आहेत. त्यांतील अखेरच्या वचनात शिमोन पेत्र म्हणतो की, मरियेला आपल्यातून जाऊ द्यावे, कारण स्त्रिया जीवनास पात्र नाहीत. येशू तिची बाजू घेतो, पण कशी? आपण तिला पुरुष बनवू, आणि जी स्त्री स्वतःला पुरुष बनवील ती स्वर्गराज्यात जाईल, असे उत्तर तो देतो. काही अभ्यासक या वचनाचा कैवार घेतात. येथे 'पुरुष' म्हणजे केवळ पूर्णत्वाचे प्रतीक, आदिमानवाची अविभक्त अवस्था, असे ते म्हणतात. ते खरे धरले तरी प्रतीक कोणते निवडले, यालाही काही अर्थ असतोच. पूर्णत्वाचे नाव 'पुरुष' असेल, तर अपूर्णतेचे नाव काय, हे सांगावे लागत नाही. ज्या कथेत सोफियेच्या, म्हणजे प्रज्ञेच्या, चुकीतून हे जग उत्पन्न झाले, त्या कथेत ती सोफिया स्त्रीरूपच होती. स्त्रीरूपाचा गौरवही याच ग्रंथांत आढळतो, हे मान्य; परंतु जगाच्या मुळाशी असलेली चूकही त्यांनी स्त्रीरूपाच्याच पदरात टाकली.

संत आयरेनियस व टर्टुलियन यांच्या लिखाणांतून कळते की, काही पाखंडी मंडळांत स्त्रिया भविष्यवाणी करीत, शिकवीत, भुते काढीत. ती माहिती विरोधकांनी निषेधाच्या सुरात दिलेली असली तरी लपविण्याचे कारण नाही. नातीला आम्ही एवढेच सांगू : बाळे, त्या दारावर तुझे स्वागत होते, पण चपला बाहेर काढाव्यात तसा देह बाहेर ठेवून ये, असे तेथे लिहिलेले होते. तुझी कूस, तुझे दूध, तुझ्या हातांचे श्रम यांना त्या घरात जागा नव्हती.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू, आणि येथे आपल्याच घरातला हिशेब मांडावा लागेल.

ख्रिस्तसभेने नॉस्टिक मताशी झगडून एक फार मोठे सत्य राखले. देवाने निर्मिलेले जग चांगले आहे, शब्द खरोखर देहधारी झाला, आणि देहाचे पुनरुत्थान होईल, हे ते सत्य. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण दर रविवारी त्याचा उच्चार करतो. परंतु एखाद्या मताचा सिद्धान्तात पराभव झाला म्हणजे त्याची हवा घरातून जातेच असे नाही. देहाला हीन लेखणारी ती हवा एकट्या नॉस्टिकांची नव्हती. त्या काळच्या ग्रीक तत्त्वज्ञानात, रोमन पुरुषी संस्कारांत ती भरून राहिली होती. आपल्या आद्य धर्माचार्यांनीही तीच हवा श्वासात घेतली. म्हणून अमुक आचार्याने तमुक नॉस्टिक ग्रंथातून उचलले, असा आरोप आम्ही करणार नाही. आम्ही फक्त दोन पाने शेजारी ठेवतो.

टर्टुलियन यांनी देहाच्या पुनरुत्थानाचे समर्थन करताना देहाची थोरवी गायिली. त्याच टर्टुलियन यांनी स्त्रियांच्या वेशभूषेवर लिहिताना प्रत्येक स्त्रीत एव्हा पाहिली आणि तिला सैतानाच्या प्रवेशाची वाट ठरविले. ज्या देहाचे मंडन एका ग्रंथात केले, तो देह स्त्रीचा आहे म्हणताच लेखणी फिरली! संत जेरोम यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. एफेसकरांस पत्रावरील भाष्यात ते म्हणतात की, स्त्री प्रसूती व मुले यांच्यात गुंतलेली असते तोवर ती पुरुषाहून भिन्न असते, जसा देह आत्म्याहून भिन्न. परंतु जगापेक्षा ख्रिस्ताची सेवा तिला अधिक प्रिय झाली म्हणजे ती स्त्री राहणार नाही, तिला पुरुष म्हटले जाईल. वाचकांनी हे 'थॉमस'च्या शेवटच्या वचनाशी ताडून पाहावे. जे वचन आपण दारातून बाहेर घालविले, तेच खिडकीतून आत आले आणि बायबलच्या भाष्यात बसले.

मग्दालिया मरियेच्या वाट्याला याच दृष्टीचे फळ आले. संत लूकच्या आठव्या अध्यायात तिचा उल्लेख आहे. योहान्ना, सुसान्ना आणि इतर अनेक स्त्रियांसह ती येशूबरोबर गावोगाव हिंडते व स्वतःच्या पैशांतून शिष्यमंडळाचा खर्च चालविते. तिच्यातून सात भुते निघाली होती. याच्या आदल्या अध्यायात एक पापी स्त्री येशूच्या चरणांना सुगंधी तेल लावते. तिचे नाव दिलेले नाही. योहानच्या बाराव्या अध्यायात चरणांना तेल लावणारी मरिया ही बेथानीची, लाझरसची बहीण. इ. स. ५९१ मध्ये पोप थोरले संत ग्रेगरी यांनी एका प्रवचनात या तिघींची एकच मरिया केली, सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण असा अर्थ लावला, आणि ते सुगंधी तेल ती पूर्वी आपल्या देहाच्या शृंगारासाठी वापरीत असे, असेही सांगितले. पौर्वात्य ख्रिस्तसभेने हे एकीकरण केले नाही. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत मात्र ते चौदा शतके रूढ होऊन बसले.

ग्रेगरी यांचा हेतू पापी माणसाला आशा देण्याचा होता, आणि त्या प्रतिमेने अनेकांना पश्चात्तापाकडे नेले, हे नाकारता येणार नाही. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. गेरसेकरांच्या प्रदेशात सैन्याइतक्या भुतांनी पछाडलेला एक पुरुष येशूला भेटला. त्याला येशूने बरे केले आणि घरी जाऊन देवाची करणी सांगावयास धाडले. त्या पुरुषाच्या चारित्र्याविषयी आजवर कोणी चौकशी केली आहे काय? सैन्य पुरुषात असले तर तो रोग. सातच भुते स्त्रीत असली तर तो व्यभिचार! हा न्याय शुभवर्तमानाचा नव्हे, आमच्या नजरेचा आहे.

येथे कोणी संत पौलच्या नावे असलेल्या तिमथ्याच्या पहिल्या पत्राकडे बोट दाखवील. स्त्रीने शांतपणे शिकावे, तिने शिकवू नये, असे त्यात म्हटले नाही काय? म्हटले आहे, आणि ते पान आम्ही फाडणार नाही. परंतु पत्र अखेरपर्यंत वाचावे. चौथ्या अध्यायात विवाहास मनाई करणाऱ्या खोट्या शिक्षकांचा समाचार घेतला आहे आणि देवाने निर्मिलेले सर्व चांगले आहे असे ठासून सांगितले आहे. शेवटच्या अध्यायात ज्याला खोटेपणाने 'ज्ञान' म्हटले जाते त्यापासून दूर राहण्याचा इशारा आहे. मुळात तेथे 'ग्नोसिस' हाच शब्द आहे. पूर्ण विकसित नॉस्टिक मत दुसऱ्या शतकातले, म्हणून त्याचा थेट संबंध जोडताना सावध राहावे लागते. तरी ज्या एफेस नगरात विवाह व प्रसूती यांना अमंगळ ठरविणारे शिक्षक घरोघरी वावरत होते, त्या नगरासाठी हे पत्र आहे. मातृत्वाच्या मार्गानेही तारण होते, हे कोड्यासारखे वाटणारे वाक्य या पार्श्वभूमीवर उलगडू लागते. ज्या देहाला ते शिक्षक तुच्छ मानीत होते, त्याची ती पाठराखण असू शकते. आणि ज्या पौलने रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात फीबी सेविकेची शिफारस केली, प्रिस्का हिला सहकारी म्हटले आणि युनियाचा प्रेषितांमध्ये नामांकित म्हणून गौरव केला, त्याच्या नावावर एकाच वाक्याचे कुलूप लावणे योग्य नाही.

आता बागेकडे जाऊ. योहानच्या विसाव्या अध्यायाची कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातले नवल आपल्या लक्षात येईनासे झाले आहे. अंधार असतानाच मरिया कबरेकडे येते. धोंड सरकलेली पाहून धावत जाते, शिष्यांना सांगते. पेत्र आणि दुसरा शिष्य येतात, वस्त्रे पाहतात आणि घरी परततात. ती मात्र तेथेच रडत उभी राहते. तिला कशाची ओढ आहे? ज्ञानाची नव्हे, देहाची. माझ्या प्रभूला कोठे ठेवले आहे ते सांगा, मी त्याला घेऊन जाईन, असे ती माळी समजून येशूलाच विनविते. एका मृत पुरुषाचा देह ही एकटी स्त्री कशी उचलून नेणार होती? प्रीती असला हिशेब करीत नाही. ज्याची सेवा हातांनी केली, त्याचे कलेवरही तिला प्रिय आहे.

आणि उत्तर कसे मिळते? गुप्त ज्ञानाचे प्रकरण उघडत नाही. तो केवळ तिचे नाव उच्चारतो. ती कानांनी ऐकते, वळते आणि ओळखते. मला धरून ठेवू नकोस, असे तो म्हणतो ते देह अमंगळ आहे म्हणून नव्हे. याच अध्यायात पुढे तो थोमाला आपल्या जखमांत हात घालावयास सांगतो. मरियेला थांबावयाचे नाही, निघावयाचे आहे. बंधूंकडे जाऊन सांगण्याचा आदेश तिला मिळतो, आणि ती तो पार पाडते. तिने पुरुष व्हावे अशी अट नाही. तिच्या भूतकाळाविषयी चकार शब्द नाही. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे योसेफस या ज्यू इतिहासकाराने नमूद केलेल्या त्या काळात पुनरुत्थानाची पहिली साक्ष स्त्रीच्या मुखी देण्यात आली. लूक तर प्रांजळपणे लिहितो की, प्रेषितांना स्त्रियांचे बोलणे वायफळ बडबड वाटली. सेल्सस नावाच्या टीकाकाराने दुसऱ्या शतकात, एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर हा धर्म उभा आहे, अशी थट्टा केली. ख्रिस्तसभेने ती थट्टा सोसली, पण बागेतला प्रसंग शुभवर्तमानातून वगळला नाही. जिला 'दडपले' असे म्हणतात तिचे नाव चारही शुभवर्तमानांत आहे, हे नातीने ध्यानी घ्यावे.

ख्रिस्तसभेच्या स्मृतीत केवळ जेरोमच नाहीत, हे आजीनेही ध्यानी घ्यावे. संत ऑगस्टीन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानी पंथाचे अनुयायी होते. देहाला अंधाराचे कार्य मानणारे ते मत त्यांनी आतून पाहिले होते. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या अखेरच्या, म्हणजे बाविसाव्या, खंडात ते एका प्रश्नाला तोंड देतात : पुनरुत्थानात स्त्रिया पुरुष होऊन उठतील काय? त्यांचे उत्तर स्पष्ट आहे. नाही, स्त्रिया स्त्री म्हणूनच उठतील, कारण स्त्रीत्व हा दोष नसून निसर्ग आहे, आणि ज्याने दोन्ही निर्मिले तो दोन्ही राखील. ऑगस्टीन यांची स्त्रीविषयक सगळीच विधाने आज पटणारी नाहीत. पण या एका परिच्छेदाने 'थॉमस'च्या वचनाला पुरते उत्तर मिळते.

ज्या ग्रेगरी यांनी मरियेची प्रतिमा बदलली, त्यांच्याच नावे दुसरीही एक शिकवण इतिहासात नोंदलेली आहे. इंग्लंडमध्ये गेलेल्या कँटरबरीच्या ऑगस्टीन यांना लिहिलेली त्यांची उत्तरे संत बीड यांनी ७३१ सालच्या आपल्या इतिहासात दिली आहेत. मासिक पाळीच्या काळात स्त्रीने चर्चमध्ये यावे काय, ख्रिस्तशरीर स्वीकारावे काय, असा प्रश्न होता. उत्तर असे की, तिला मनाई करू नये. जे निसर्गाने तिच्याकडे येते तो तिचा अपराध नव्हे. रक्तस्रावाने पीडलेली स्त्री येशूच्या वस्त्राला शिवली ती चुकली नाही, मग हिने का दूर राहावे? 'विटाळ' या शब्दाचा जाच आपल्या मराठी मुलखात किती घरांनी सोसला आहे, हे आम्ही सांगावयास नको. प्रसूतीनंतर चर्चमध्ये जाऊन घेतला जाणारा जुना आशीर्वाद हा उपकारस्तुतीचा विधी होता. तरी तो शुद्धीकरणाचा विधी आहे, अशीच अनेकांची समजूत होती. सोहळा उपकाराचा, आणि मनात भावना मात्र अपराधाची! तो ओझ्याचा धोंडा कोणी ठेवला?

रोमन मिस्सेच्या पहिल्या कृतज्ञतास्तुतीत फेलिसिती आणि पर्पेतुआ ही दोन नावे आपण ऐकतो. इ. स. २०३ मध्ये कार्थेज नगरात या दोघी रक्तसाक्षी झाल्या. पर्पेतुआ सुमारे बावीस वर्षांची, अंगावर पिणारे बाळ असलेली. फेलिसिती दासी, तुरुंगातच आठव्या महिन्यात बाळंत झालेली. पर्पेतुआला स्वप्न पडले त्यात आपण पुरुष होऊन लढत आहोत असे तिने पाहिले. ती हवा तिच्याही स्वप्नात होती! परंतु प्रत्यक्ष आखाड्यात उतरली ती स्त्री म्हणूनच. त्यांच्या हौतात्म्याचा वृत्तान्त सांगतो की, फेलिसितीच्या स्तनांतून अजून दूध ठिबकत होते आणि ते पाहून जमाव शहारला. त्या देहाला ख्रिस्तसभेने लपविले नाही. त्या नावांना वेदीवर स्थान दिले.

मग्दालिया मरियेच्या बाबतीतही ख्रिस्तसभेने आपली चूक हळूहळू सुधारली आहे. १९६९ च्या नव्या उपासना-दिनदर्शिकेनंतर तिच्या दिवशी पापी स्त्रीचा नव्हे, तर बागेतल्या भेटीचा उतारा वाचला जातो. १९८८ साली पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रीच्या प्रतिष्ठेवरील आपल्या पत्रात 'प्रेषितांची प्रेषिता' या तिच्या प्राचीन उपाधीचे स्मरण करून दिले. संत थॉमस अक्वायनस यांनीही योहानवरील भाष्यात तिला हाच मान दिला होता. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या दिवसांप्रमाणे सणाचा दर्जा मिळाला. कागदावर सुधारणा झाली. मनात व्हावयाची बाकी आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलींना आपण मरियेविषयी काय सांगतो, पाळी आलेल्या मुलीशी कसे बोलतो, बाळंतिणीकडे कोणत्या नजरेने पाहतो, सभेत उठलेल्या स्त्रीचे किती ऐकतो, यावर ती अवलंबून आहे. तेथे आपण कमी पडलो, तर आपली नात दर्शनातल्या मरियेच्या शोधात गेली म्हणून तिला दोष देता येणार नाही. बागेतली मरिया तिला आपणच दाखविली नव्हती.

पुनरुत्थान रविवारी शुभवर्तमानाच्या आधी एक प्राचीन गीत म्हटले जाते. अकराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या त्या गीतात सारी ख्रिस्तसभा मरियेला प्रश्न विचारते. तो प्रश्न ती पूर्वी कोण होती असा नाही, तिला कोणते रहस्य कळले असाही नाही. वाटेत तू काय पाहिलेस, एवढेच तिला विचारले जाते, आणि तिच्या उत्तरावर सारे विश्वास ठेवतात. येत्या पुनरुत्थान सणाला ते गीत ऐकताना आजी आणि नात शेजारी बसाव्यात, आणि घरी आल्यावर दोघींनी मिळून योहानचा विसावा अध्याय उघडावा, एवढीच आमची विनंती आहे.